सुतारांच्या गावातील यरुशलेम

पोलंड देशातील क्राकूव या प्राचीन राजनगरीतून नैर्ऋत्येकडे निघाले, की तास-पाऊण तासात सपाट शेते मागे पडतात आणि रस्ता टेकड्यांच्या कुशीत शिरतो. हे कार्पेथियन पर्वताचे पायथे. येथे एका वळणानंतर प्रवाशास मोठे गमतीचे दृश्य दिसू लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी सामानाची दुकाने लागतात. पलंग, कपाटे, खुर्च्या, गुबगुबीत कोच, जेवणाची मेजे यांच्या जाहिराती एकीमागून एक येत राहतात. अमक्याचे कपाट चांगले की तमक्याचे, असा विचार मनात घोळत असतानाच सहज मान वर करावी, तो समोरच्या डोंगरउतारावर झाडीतून वर आलेले एका मठाचे जोडमनोरे दिसतात. खाली कपाटांचा बाजार आणि वर मठाची घंटा! या गावाचे नाव काल्वार्या झेब्झिडोव्स्का. लोकवस्ती जेमतेम साडेचार हजार. आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढे हे गाव. परंतु चारशे वर्षांहून अधिक काळ त्याने साऱ्या दक्षिण पोलंडला आपल्याकडे चालत यावयास लावले आहे.

'काल्वार्या' म्हणजे कालवारी, अर्थात गुलगुथा, आणि 'झेब्झिडोव्स्का' म्हणजे झेब्झिडोव्स्की घराण्याची. हे नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते खरी. परंतु त्यात गावाची सारी जन्मकथा सामावलेली आहे.

मिकोवाय झेब्झिडोव्स्की (१५५३–१६२०) हा क्राकूव प्रांताचा सुभेदार. मोठा जमीनदार, मानी, हट्टी आणि तितकाच धर्मनिष्ठ. त्या काळी युरोपातील भाविकास पवित्र भूमीची यात्रा करणे अतिशय दुर्घट होते. यरुशलेम तुर्कांच्या ताब्यात, समुद्रप्रवास जिवावरचा आणि खर्च तर सामान्य माणसाच्या स्वप्नातही न मावणारा. म्हणून इटलीत वाराल्लो येथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कन साधूंनी एका डोंगरावर प्रभूच्या जीवनातील पवित्र स्थळांची प्रतिकृती उभारली होती. आपल्याला तेथे जाता येत नसेल, तर ते स्थळच आपल्याकडे आणावे, ही ती कल्पना. पोलिश माणसाच्या स्वभावाला ती विशेष मानवते असे दिसते. आपल्या करवीरनगरीजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, छावणीत राहत होते. सैबेरियाच्या यातना भोगून, इराणमार्गे पंचगंगेच्या काठी आलेल्या त्या माणसांनीही तेथे प्रथम काय केले? शाळा काढल्या आणि चर्च उभारले. ते लोक काल्वार्याचे नव्हते, पूर्वेकडील प्रांतांतले होते. परंतु वृत्ती तीच.

असो. झेब्झिडोव्स्कीच्या हाती ख्रिस्तियान अद्रिखोमिउस नावाच्या एका डच धर्मगुरूचा ग्रंथ आला. ख्रिस्ताच्या काळचे यरुशलेम कसे होते याचे वर्णन त्यात नकाशासह दिलेले होते. १५८४ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक त्या काळी घरोघरी वाचले जाई. गावात सांगितली जाणारी दंतकथा मात्र पुस्तकावर थांबत नाही. समोरच्या लान्त्स्कोरोना टेकडीवरील किल्ल्याच्या खिडकीतून एके दिवशी पलीकडच्या डोंगरावर तेजस्वी क्रूस दिसला आणि त्या ठिकाणी गुलगुथा बांधावयाचा असा निश्चय तत्क्षणी झाला, असे लोक सांगतात. दंतकथा आणि नकाशा या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असे मला वाटत नाही. डोळ्यांत तेज असल्यावाचून कोणी डोंगरावर नकाशा उलगडीत नाही.

इ. स. १६०० मध्ये झारेक नावाच्या टेकडीवर क्रुसारोहणाचे मंदिर बांधावयास आरंभ झाला. ह्येरोनिम स्त्झावा नावाच्या गृहस्थाने यरुशलेमहून आणलेली प्रतिकृती त्यासाठी समोर ठेवली होती. बर्नार्डिन साधूंना (पोलंडमध्ये फ्रान्सिस्कन संघाच्या एका शाखेस हे नाव आहे) १६०२ साली तेथे मठासाठी जागा देण्यात आली. मठाचा आराखडा जोव्हान्नी मारिया बेर्नार्दोनी या येशूसंघीय शिल्पज्ञाचा. परंतु चॅपेलांचे खरे काम केले ते पाउल बाउदार्थ या फ्लेमिश कारागिराने. हा मूळचा सोनार. त्यामुळेच की काय, त्याने बांधलेल्या वास्तू डोंगरावर ठेवलेल्या दागिन्यांच्या पेटीसारख्या दिसतात. कोणतीही दोन चॅपेले सारखी नाहीत. पिलाताचा वाडा ग्रीक क्रुसाच्या आकाराचा आहे. पवित्र मरियेची कबर शवपेटीसारखी आहे. माता-पुत्र भेटीचे मंदिर हृदयाच्या आकाराचे आहे. म्हणजे भिंतीच हृदयाच्या! पिलाताच्या वाड्याशी अठ्ठावीस पायऱ्यांचा पवित्र जिना असून रोममधील पवित्र जिन्याप्रमाणे तोही गुडघ्यांवर चढावयाचा असतो.

मला या साऱ्या रचनेत सर्वांत अधिक मोह पडतो तो नामकरणाचा. डोंगर तेच, ओढा तोच, झाडी तीच. परंतु एका माणसाने नकाशा हाती घेऊन त्यांना नवी नावे दिली. लान्त्स्कोरोनाची टेकडी झाली जैतुनाचा डोंगर. मधल्या खोऱ्यातून वाहणारा ओढा झाला किद्रोन. अंतरे मोजून घेण्यास गणिती बोलावला गेला. गेथशेमाने, हन्नाचे घर, कयफाचे घर, हेरोदाचा वाडा अशी एकेक जागा बीच आणि ओक वृक्षांच्या सावलीत निश्चित झाली. येथे तीर्थप्रार्थना करणारा मनुष्य चौदा चित्रांपुढून सरकत नाही. तो खरोखरच चढतो, उतरतो, पूल ओलांडतो, धापा टाकतो. आपण चाळिशीच्या दिवसांत चर्चमध्ये उभ्याउभ्या क्रुसाची वाट करतो. तिचे हे विस्तारलेले, चिखल लागलेले रूप आहे.

आणि हा धर्मनिष्ठ संस्थापक इकडे कालवारी बांधीत असताना तिकडे काय करीत होता? १६०६ साली त्याने राजा तिसरा झिगमुंट याच्याविरुद्ध सरदारांचे बंड उभारले! पोलंडच्या इतिहासात ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. १६०७ मध्ये गुझूव येथे राजाच्या फौजेने बंडखोरांचा पराभव केला आणि पुढे झेब्झिडोव्स्कीला राजाची क्षमा मागावी लागली. मठाच्या मुख्य मंदिराचे काम पुरे झाले ते १६०९ मध्ये, म्हणजे नेमक्या याच धामधुमीच्या अखेरीस. इतिहासकार त्याला दोष देतात, यात्रेकरू त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. आणि दोघांचेही आपापल्या परीने बरोबरच आहे.

गाव वसले ते यानंतर. यात्रेकरू आला म्हणजे त्याला भाकरी हवी, रात्रीचा निवारा हवा आणि फाटलेली पादत्राणे शिवून देणारा हवा. १६१७ मध्ये झेब्झिडोव्स्कीने डोंगराच्या पायथ्याशी एक नगर वसविले आणि त्यास आपल्या घराण्याचे नाव दिले. पण लोकांनी ते नाव मागे टाकले. त्यांच्या तोंडी राहिली ती कालवारीच. चांभारकाम आणि सुतारकाम हे येथील दोन मुख्य धंदे झाले. चांभारकाम यात्रेकरूंच्या पायांमुळे वाढले असावे, हे सहज पटते. सुतारकामाचे मात्र पुढे असे काही बस्तान बसले, की 'काल्वार्याचे सामान' हे साऱ्या पोलंडमध्ये नाव झाले. आजही घरोघरी कारखाने आहेत, मुलांना हा धंदा शिकविणारी शाळा आहे आणि गल्लीतून जाताना ओल्या लाकडाचा व रोगणाचा वास येतो. गावातील धर्मग्रामाचे चर्च कोणाच्या नावे असेल हे वाचकांनी ओळखले असेलच: संत योसेफाच्या. डोंगरावर पुत्राचा क्रूस आणि खाली सुतार पित्याचे घर!

पोलिश भाषेत 'ओद्पुस्त' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पापदंडाची माफी. परंतु ज्या सणाच्या दिवशी ती मिळते त्या दिवसाच्या जत्रेलाही तोच शब्द लावतात. त्यामुळे एकाच दिवशी लोक ओद्पुस्त मिळवितात आणि ओद्पुस्तातून खेळणी विकत घेतात. दोरीत ओवलेल्या कडक पावाच्या कड्यांच्या माळा, वर साखरेची नक्षी काढलेल्या मसालेदार केकची हृदये, जपमाळा, फुगे, आणि स्त्रिशावा या जवळच्या गावातील रंगीत लाकडी पक्षी यांनी पाले भरून जातात. काही कडक मंडळींना हा बाजार रुचत नाही. मला वाटते, ज्या मुलाला आईने पवित्र जिन्यावरून गुडघ्यांनी चढविले, त्याला खाली उतरल्यावर एक लाकडी पक्षी मिळाला तर त्यात कोणाचे काय बिघडले?

आपल्याकडे ज्याने आषाढातील दिंड्या पाहिल्या आहेत, त्याला काल्वार्याच्या ऑगस्टमधील यात्रेची कल्पना करण्यास अडचण पडू नये. गावोगावचे लोक तांडे करून पायी येतात. या तांड्यास ते 'कोंपान्या' म्हणतात. पुढे क्रूस आणि निशाणे, मध्ये वाद्ये, आणि सर्वांत महत्त्वाचा तो वाट दाखविणारा 'पाटाड्या'. हा धर्मगुरू असतोच असे नाही. बहुधा कोणी शेतकरी किंवा खाणकामगार असतो. परंतु कोणत्या चॅपेलापुढे कोणते गीत म्हणावयाचे, कोठे थांबावयाचे, कोठे गुडघे टेकावयाचे हे त्याला तोंडपाठ असते. प्रभूच्या दुःखसहनाची वाट निराळी आणि पवित्र मरियेची वाट निराळी. मृतांच्या आत्म्यांसाठीही एक वाट चालण्याची प्रथा आहे. स्वर्गोन्नयनाच्या सणापूर्वी, १३ ऑगस्टच्या सुमारास, चिरनिद्रा घेतलेल्या मरियेची मूर्ती खांद्यांवर घेऊन तिच्या घरापासून कबरीपर्यंत अंत्ययात्रा निघते. मग सणाच्या दिवशी तिचा विजयोत्सव. रंगीबेरंगी लोकवेषातील मुली, वाद्यवृंद, फुले. दुःख आणि वाजंत्री यांचा असा शेजार आपल्याला परका नाही.

मठातील मरियेचे चित्र १६४१ सालापासून येथे आहे. एका जमीनदाराच्या घरी असलेल्या या चित्राच्या डोळ्यांतून रक्ताश्रू आल्याची वार्ता पसरली, तेव्हा त्याने ते मठास आणून दिले. १८८७ साली त्यास समारंभपूर्वक मुकुट चढविण्यात आला. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता! रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता आणि काल्वार्या १७७२ पासूनच ऑस्ट्रियाच्या वाट्यास आले होते. वरचा सिलेशिया प्रशियाकडे होता. तरीही सिलेशियातील खाणकामगार सरहद्द ओलांडून या डोंगरावर येत आणि येथील शेतकऱ्यांच्या शेजारी गुडघे टेकून त्याच भाषेत तीच गीते म्हणत. देश हरवलेल्या लोकांना एकत्र भेटण्यास एक जागा उरली होती, ती ही.

परंतु काल्वार्याचे वर्ष ज्या दिवसांभोवती फिरते ते दिवस पवित्र आठवड्याचे. झावळ्यांच्या रविवारी प्रभूचा नगरप्रवेश होतो. बुधवारी शिमोनाच्या घरची मेजवानी आणि यहूदाचा सौदा. गुरुवारी पाय धुणे, शेवटचे भोजन, किद्रोनावरील पूल, गेथशेमाने, अटक. शुक्रवारी भल्या पहाटे, कधी धुक्यात तर कधी वितळत्या बर्फाच्या चिखलात, कयफाच्या घरापुढे हजारोंचा समुदाय जमतो आणि तेथून सारे गुलगुथ्याकडे निघतात. ख्रिस्ताचे काम मठातील बंधू करतो. प्रेषित, शास्त्री, शिपाई, पिलात हे सारे गावचे व आसपासचे लोक. कित्येक भूमिका वर्षानुवर्षे एकाच घरात राहतात. ही परंपरा सतराव्या शतकापासूनची. तिला आजचे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आले.

हे नाटक आहे काय? प्रेक्षकांसाठी खुर्च्या नाहीत, तिकीट नाही, पडदा नाही. समुदाय पात्रांबरोबर चालतो, वाटेत धर्मगुरूंची प्रवचने होतात. पिलाताच्या वाड्याच्या सज्जात न्यायनिवाडा वाचला जातो तेव्हा तो खालच्या गर्दीला उद्देशून असतो, आणि गर्दी म्हणजे आपणच. ज्याने गेल्या आठवड्यात तुम्हाला कपाट विकले तो आज तुमच्यासमोर हात धूत असतो. यहूदाचे काम कोणी करावयाचे हा प्रश्न तर विचार करण्यासारखा आहे. लहान गावात मनुष्य वर्षभर आपल्या भूमिकेच्या नावाने ओळखला जाणे अगदी शक्य. आणि तरीही दर वर्षी कोणीतरी ती तीस रुपये मोजून घेणारी मूठ पुढे करतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे गाव दर वर्षी यहुद्यांचे नगर होते. आणि याच गावात खरे यहुदीही राहत होते. एकोणिसाव्या शतकात त्यांची वस्ती येथे वाढली. त्यांची दुकाने होती, प्रार्थनामंदिर होते. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य आले. १९४२ मध्ये येथील यहुदी घराबाहेर काढले गेले आणि आसपासच्या गावांतील हजारोंप्रमाणे त्यांचाही अंत झाला. आउश्विट्झची छावणी ज्या ओश्विएंचिम गावी होती ते येथून फार दूर नाही. त्याच प्रदेशात, पश्चिमेस. युरोपात अनेक ठिकाणी दुःखसहनाच्या नाटकांनी शेजारच्या यहुद्यांविषयी द्वेष चेतविला, हे इतिहासाने नमूद केले आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने स्पष्ट शब्दांत सांगितले, की प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही, आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही. कयफाच्या घरापुढे उभे राहून गीत गाताना बाजारचौकातील रिकाम्या झालेल्या घरांची आठवण ठेवणे सोपे नाही. परंतु ती आठवण वगळली तर या डोंगरावरच्या दुःखाची गोष्ट अपुरी राहते.

हे ज्याला नीट ठाऊक होते असा एक मुलगा येथून चौदा-पंधरा किलोमीटरवरील वादोविट्से गावात वाढला. यहुदी मुले त्याच्या वर्गात होती, खेळात होती. १९२९ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या नवव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, त्याची आई वारली. वडिलांनी त्याला बरोबर घेतले आणि काल्वार्याच्या मरियेपुढे आणून उभे केले. तो मुलगा म्हणजे कारोल वोयतिवा. पुढे क्राकूवचा आर्चबिशप असताना तो कितीतरी वेळा एकटाच या वाटांवर फिरावयास येई. ते दिवस साम्यवादी राजवटीचे होते. धर्मप्रांतातील एखादा अवघड प्रश्न सुटेना, की तो या झाडीत येऊन चालत राही. ७ जून १९७९ रोजी तो पोप दुसरा जॉन पॉल म्हणून आला. १९ ऑगस्ट २००२ रोजी, मंदिराच्या चारशेव्या वर्षी, तो पुन्हा आला. तेव्हा तो थकलेला होता, चालणे त्याला जमत नव्हते. मायभूमीच्या त्या शेवटच्या भेटीचा शेवट त्याने येथील मरियेपाशी केला. ज्या वाटांवर तो पायी फिरला त्या त्या दिवशी त्याने दुरूनच पाहिल्या असतील.

१९९९ साली युनेस्कोने हा सारा परिसर, चाळीसहून अधिक चॅपेले, मठ, झाडी आणि डोंगर मिळून, जागतिक वारशाच्या यादीत घातला. तेव्हापासून क्रुसाच्या वाटेवर कॅमेरे घेतलेली मंडळी अधिक दिसू लागली आहेत. त्यांना बाउदार्थची शिल्पकला पाहावयाची असते, आणि ती पाहण्यासारखी आहेच. यात्रेकरूंची त्यांच्याशी कुरबुर होत नाही. वाट रुंद आहे. लान्त्स्कोरोनाच्या जैतुनाच्या डोंगरावरील किल्ला मात्र ढासळला आहे. १७७१ मध्ये तेथे रशियन फौजेशी लढाया झाल्या होत्या. आज मोडक्या भिंती आणि खाली जुन्या लाकडी घरांचे एक सुंदर चौकाचे खेडे एवढेच उरले आहे.

शुक्रवारी दुपारी प्रभूला कबरीत ठेवले म्हणजे गर्दी पांगते. बसगाड्या भरभरून निघतात, रेल्वेस्थानकावर धक्काबुक्की होते. शनिवारी सकाळी गावातील प्रत्येक घरातून कोणीतरी एक लहानशी टोपली घेऊन चर्चकडे निघतो. टोपलीत पांढऱ्या रुमालाखाली उकडलेली रंगीत अंडी, पाव, मीठ, थोडे मांस. धर्मगुरू येऊन त्यावर पवित्र जल शिंपडतात. हेच अन्न पुनरुत्थानाच्या सकाळी प्रथम खावयाचे. रांगेत काल ज्याने प्रभूला चाबूक मारला तो शिपाई असतो, हात धुणारा पिलात असतो, आणि यहूदा आपल्या लहान मुलीचा हात धरून उभा असतो. सोमवारी पोरे एकमेकांवर बादल्यांनी पाणी उडवितात. आपल्या रंगपंचमीसारखाच धुडगूस, फक्त रंग नाही. मंगळवारी रंधे पुन्हा चालू लागतात. डोंगराखालून किद्रोन वाहत असतो. त्याचे पाणी थोडे पुढे स्काविन्का या जुन्या नावाने विस्तुला नदीस जाऊन मिळते.